‘पुन्हा उन्हाळा’चं एकमेव वाईट परीक्षण

“मी मशीन? आँ? नाना, इकडे बघा, माझ्याकडे बघा! मी मशीन शे का?”

रफीकभाई आमच्या पुरवणी विभागाच्या दारात उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर बास ड्रम होता. दार अरुंद, ड्रम रुंद. त्यामुळे ड्रम बाहेर, रफीकभाई अर्धे आत आणि आवाज पूर्ण आत. आवाज असा, की तळमजल्यावरचं छपाईयंत्र क्षणभर दबकलं. हे मला यंत्रावरच्या माणसाने शपथेवर सांगितलं. त्याच्या शपथेवर माझा विश्वास नाही, पण गोष्ट चांगली आहे म्हणून ठेवली.

“मशीनले घाम येतो का? हाऊ घाम कोना शे मंग?” त्यांनी चिंब झालेला शर्ट छातीपासून ओढून दाखवला.

खुर्चीतला माणूस हलला नाही. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “मार्च लागलाय, रफीकभाई. जळगावात मार्चमध्ये मशीनलाही घाम येतो.”

हे नाना. आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीचे संपादक आणि माझे साहेब. आदल्या रविवारी त्यांनी ‘सत्तेचाळीस डिग्री’ या खान्देशातल्या जुन्या रॉक बॅण्डच्या नव्या अल्बमवर परीक्षण लिहिलं होतं. बॅण्ड मोडून एक पिढी उलटली होती. मंडळी म्हातारपणी परत एकत्र आली, अल्बम काढला, नाव ठेवलं ‘पुन्हा उन्हाळा’. सगळ्या खान्देशाने डोक्यावर घेतला. एकट्या नानांनी लिहिलं: “या अल्बममधले ड्रम माणसाने वाजवलेले नाहीत, मशीनने वाजवले आहेत. माझा प्रश्न एवढाच, की रफीकभाई कुठे आहेत?”

तर रफीकभाई हे असे दारात होते. ड्रमसकट.

“माले शिरपूरना फोन उना,” ते म्हणाले, आणि आता आवाज खाली आला, जे जास्त वाईट होतं. “आखाजीच्या सणाला शिरपूरला आमचा प्रोग्राम शे. प्रोग्राम ठेवणारे गोटूभाऊ म्हणे, पेपरात आलंय तुमच्यानं वाजवणं होत नाही. ड्रमवाला दुसरा आणा. नाना, मी खुर्चीत बसून बघू का माझाच प्रोग्राम?”

नानांनी यावर काय केलं, ते सांगतो. पण आधी नाना सांगायला हवेत. नाहीतर तुम्ही त्यांना दुष्ट समजाल. ते दुष्ट नव्हते. ते संशयी होते.

संशयी म्हणजे किती? सरकारी तापमानावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून घराच्या खिडकीत त्यांनी स्वतःचं थर्मामीटर टांगलं होतं. त्या थर्मामीटरवर लक्ष ठेवायला शेजारी दुसरं. आणि दोघांनी संगनमत करू नये म्हणून मध्ये पत्र्याचा तुकडा. केळ्यांच्या जिल्ह्यात जन्म काढून या माणसाने सुखाने एक केळं खाल्लं नाही. गाडीवाल्याला विचारायचे, “कुठली?” तो म्हणाला रावेरची, की लगेच रावेरच्या ओळखीच्या माणसाला फोन: “काल तुमच्याकडे घड उतरवले का?” तो माणूस शेतात, त्याचा फोन घरात. फोन उचलला जाईपर्यंत केळी काळी पडायची. मग मला म्हणायचे, “बघितलंस? टिकली नाहीत. म्हटलं नव्हतं?”

त्यांचा आवडता शब्द नव्हता, आवडता प्रश्न होता: “बरं. पण का?” ऑफिसात कोणी पेढे आणले, मुलगा झाला म्हणून. नाना पेढा उलटा करून बघत म्हणाले, “बरं. पण का?” तो बिचारा खरोखरच कारण सांगायला लागला.

स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाआडून हात वर करून त्यांनी भटजींना थांबवलं होतं, असं नानी सांगत. म्हणाले, तुम्ही एक आख्खं कडवं गाळलंत. मांडवात गोंधळ. मुलीचे मामा बाह्या सरसावून पुढे. भटजी आधी चिडले, मग घामाघूम झाले, मग कबूल झाले की पुढचं लग्न पाचोऱ्याला होतं आणि गाडीची वेळ झाली होती.

हाच नानांचा खरा त्रास. माणूस नेहमी चुकला असता तर आम्ही त्याला वेडा म्हणून मोकळे झालो असतो. नाना बऱ्याचदा बरोबर निघत.

स्तुतीवर तर त्यांचा फारच राग. म्हणत, “कौतुक म्हणजे उतू जाणारं दूध. वर येतं तेवढं पातेल्यात नसतं.” त्यांच्या आयुष्यात त्यांनी बिनशर्त चांगलं असं एकाच गोष्टीबद्दल लिहिलं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे जुन्या काळचा हाच बॅण्ड.

‘सत्तेचाळीस डिग्री’ची जन्मकथा मी ऐकली तशी सांगतो, दहा टक्के कमी करून घ्या. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत सुधाभाऊ नावाचे फिटर होते. इंजिनाच्या भोंग्याशी स्पर्धा करून त्यांचा गळा तयार झालेला. कॉलनीतला एक गोरा गार्ड कायमचा परदेशी निघाला, तेव्हा जड सामान नको म्हणून गिटार सुधाभाऊंच्या हातात देऊन गेला. पारोळ्याचे रफीकभाई गादीवाले, जातीचे पिंजारी. बापाच्या धुनकीच्या तांय-तांयवर वाढलेले. कापूस पिंजता पिंजता ताल कधी हातात भरला त्यांनाही कळलं नाही. आणखी दोघं आले. आधी इंग्रजी गाणी म्हणत. कोणाला कळत नव्हती, त्यांनाही नाही. मग अहिराणीत सुरू केलं आणि खान्देश पेटला. धुळ्याच्या मैदानात त्यांनी पहिला झंकार केला त्या संध्याकाळी लळिंगच्या किल्ल्यावरची वटवाघळं उठली ती साक्रीला जाऊन बसली. साक्रीवाले अजून तक्रार करतात.

या बॅण्डची खूण काय? घाई. गाणं सुरू व्हायचं बैलगाडीसारखं, संपायचं मालगाडीचे ब्रेक फेल झाल्यासारखं. शेवटच्या कडव्याला ड्रम पळत सुटायचे, गिटार त्यांच्या मागे, आणि सुधाभाऊ सगळ्यांच्या मागे, धापा टाकत. लोक वेडे व्हायचे.

तरुण नानांनी त्यावर लेख लिहिला: ‘खान्देशची घाई’. त्यातलं वाक्य आमच्याकडचे प्राध्यापक अजून वर्गात म्हणतात: “हे ड्रम घाईत आहेत, कारण हा मुलूख घाईत आहे. इथे उन्हात रेंगाळणारा वाळून जातो.” त्या लेखावर नानांचं नाव झालं. त्यांना संपादकाची खुर्ची मिळाली तीही त्याच लेखामुळे, असं म्हणतात. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी तिचे चारही पाय तपासले, हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मग बॅण्ड मोडला. प्रत्येक बॅण्ड मोडतो तसाच: एकाला वाटलं दुसरा जास्त चमकतो. रफीकभाईंनी हाताची धुनकी सोडून पिंजण्याचं मशीन घेतलं आणि एका दुपारी त्या मशीनने त्यांचा डावा पंजा ओढला. बोटं वाचली, पण वाकेनात. ड्रम पोटमाळ्यावर गेले.

आणि आता, इतक्या वर्षांनी, ‘पुन्हा उन्हाळा’.

प्रकाशनाचा कार्यक्रम भरिताचा होता. आमच्याकडे काहीही घडलं तरी भरीतच होतं. निवडणूक जिंकली भरीत, हरली तरी भरीत. फेब्रुवारी संपत आलेला, वांग्यांचा शेवटचा बहर. भादलीच्या बाजूला एका मळ्यात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात पांढरट हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. जिल्ह्यातला प्रत्येक वार्ताहर, प्रत्येक यूट्यूबवाला, आणि वार्ताहर असल्याचं सांगणारा प्रत्येक माणूस तिथे मांडी घालून बसला होता. मध्ये स्पीकर. अल्बम वाजत होता. ऐकणारे फक्त वांगी भाजणारे होते, कारण त्यांना अजून जेवायला मिळालं नव्हतं.

नाना घरून डबा घेऊन आले होते. मेथीची भाजी.

सुधाभाऊ हात जोडून आले. “नाना, एक घास तरी.”

“परीक्षण लिहायचंय सुधाभाऊ. तुमचं वांगं माझ्या पोटात गेलं तर ते तुमच्या बाजूने बोलेल.”

“मग मेथी कोणाच्या बाजूने बोलणार?”

“मेथी कडू असते. ती कोणाच्याच बाजूने बोलत नाही.”

दुसऱ्या दिवशी परीक्षणं आली. काय परीक्षणं! ‘खान्देशची शान’, ‘वाघ परतले’, ‘सातपुडा डोलला’. सातपुडा डोलला असता तर पायथ्याच्या गावांनी कळवलं असतं, पण असो. नानांनी सगळी कात्रणं टेबलावर पसरली आणि भिंगाने वाचू लागले. दुपारी मला हाक मारली.

“सगळ्यांनी बासरीचं कौतुक केलंय. तिसऱ्या गाण्यातली काळीज चिरणारी बासरी. ऐकलीस तू?”

मी म्हटलं, “भरिताच्या गडबडीत असेल नाना, लक्ष नाही गेलं.”

“अल्बममध्ये बासरी नाहीच.”

खरोखर नव्हती. सुधाभाऊंनी व्हॉट्सॲपवर सगळ्यांना माहितीचा मजकूर आधीच धाडला होता. त्यात बासरी होती. नंतर बासरीवाल्याशी बिनसलं आणि बासरी काढून टाकली. मजकुरातून काढायची राहिली. झाडून सगळ्या समीक्षकांनी न वाजलेल्या बासरीवर डोळे पुसले होते. एकाने तर लिहिलं होतं, बासरीवाल्याने जरा आवरतं घ्यायला हवं होतं.

झालं. नानांच्या तोंडाला रक्त लागलं.

नानांची ऐकण्याची पद्धत वेगळी होती. ते जळगाव-धुळे काळी-पिवळी जीप पकडत, पुढे ड्रायव्हरशेजारी बसत आणि त्याला गाणी लावायला देत. त्यांचा नियम: गिरणेच्या पुलाआधी ड्रायव्हरने बदललं ते गाणं टाकाऊ, एरंडोलपर्यंत टिकलं ते बरं, आणि पारोळा आलं तरी त्याचा हात बटणाकडे गेला नाही, तर गाण्यात काहीतरी आहे. ड्रायव्हरने भरीत खाल्लेलं नसतं, हा त्यामागचा युक्तिवाद. मला बरोबर नेत. मी मागे, दोन बकऱ्या आणि एका नवरदेवाच्या मध्ये. नवरदेव होता की नुसताच नवीन कपड्यातला माणूस, हे नानांनी मला तपासायला सांगितलं होतं. मी तपासलं नाही.

ड्रायव्हरने अल्बम पारोळ्यापर्यंत बदलला नाही. मला वाटलं, चला, सुटलो. पण नानांचं लक्ष ड्रायव्हरकडे नव्हतंच. ते स्वतःच्या गुडघ्यावर बोट वाजवत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू जप्तीला आलेल्या माणसासारखा होत गेला.

“घाई कुठे गेली?” ते म्हणाले.

“नाना, वय झालं त्यांचं. दमले असतील.”

“दमलेला माणूस मागे पडतो. हा मागेही पडत नाही, पुढेही जात नाही. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत रेल्वेच्या रुळासारखा सरळ. माणूस असा कधी चालतो? तू चालतोस?” मग मागे वळून, दोन बकऱ्यांवरून माझ्याकडे बघत, “रफीकचा हात गेलाय. यांनी त्याच्या जागी मशीन बसवलं आणि त्याचं नाव छापलं. फसवणूक आहे ही.”

आणि परत आल्यावर त्यांनी ते परीक्षण लिहिलं. त्यांच्या मते ते रफीकभाईंच्या बाजूनेच होतं.

आता परत दारात चला.

“मी वाजवलंय,” रफीकभाई म्हणत होते. ड्रम एव्हाना त्यांनी जमिनीवर ठेवला होता आणि त्याच्यावरच बसले होते. “हात गेला, बरोबर. मग दोन वर्षं दुकानातल्या गाद्यांवर काठ्या बडवल्या. रोज, गिऱ्हाईक नसताना. गिऱ्हाईक आलं की म्हणायचो, धूळ काढतोय. आधी बोटं मोकळी झाली. मग म्हटलं, आता एक गोष्ट करून मरायची. जिंदगीभर मला सगळे म्हणायचे, रफीक पळतो, रफीकला आवरा. म्हटलं, एकदा तरी सरळ वाजवायचं. आणि वाजवलं! अल्बम हातात आला, मी ऐकला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाना. एकही ठोका हलत नाही. घरात सगळ्यांना ऐकवला, सासरवाडीला धुळ्याला नेऊन ऐकवला. आणि तुम्ही लिहिता मशीन!”

मला वाटलं, दगडही वितळेल. नाना म्हणाले, “बरं. मग वाजवून दाखवा.”

“आत्ता वाजवतो!”

“आत्ता नको. इथे वायरी आहेत.”

ठरलं ते असं: पारोळ्याला रफीकभाईंचं गाद्यांचं गोदाम, रविवारची दुपार, पूर्ण बॅण्ड, आणि शिरपूरचे आयोजक गोटूभाऊ साक्षीला. सरळ वाजलं तर नाना पुढच्या रविवारी पहिल्या पानावर माफी मागणार आणि रफीकभाई आखाजीला शिरपूरला वाजवणार. नाही वाजलं, तर रफीकभाई स्वतः दुसऱ्या ड्रमवाल्याला फोन करणार.

नानांनी गोदामाची झडती घेतली ती पोलिसांनीही शिकावी. ड्रमच्या आत हात घातला. खुर्ची उलटी केली. सगळ्यांचे फोन गोळा करून एका रजईत बांधले आणि रजईवर मला बसवलं. सुधाभाऊंची विजेची गिटार बाद, साधी गिटार हातात. तरीही समाधान होईना, तेव्हा नानांनी गोदामाचा मेन स्विचच खाली पाडला. पंखा गरगरून थांबला. अर्धवट अंधारात कापसाचे ढीग, त्यांच्यामध्ये बॅण्डचे चौघे आणि नाना असे पाच म्हातारे, आणि दारात गोटूभाऊ, रुमालाने मान पुसत. गोटूभाऊ धिप्पाड माणूस. शिरपूरला म्हणे त्यांची सावली पडली की दुकानं बंद करतात. ते मला हळूच म्हणाले, “हे काय चाललंय बठ्ठं? मी फक्त ड्रमवाला बघायला आलो होतो.”

रफीकभाईंनी दोन काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि गाणं सुरू झालं.

आणि सरळ वाजलं! पहिलं कडवं सरळ. दुसरं कडवं सरळ. रफीकभाईंचा डावा पंजा थोडा वाकडा उठायचा पण ठोका जिथे पडायचा तिथेच पडायचा. त्यांनी ओठ दाताखाली धरलेला, डोळे मिटलेले, दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखा चेहरा. प्रत्येक ठोक्याला ढिगांवरून कापूस उडत होता. आमच्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मी नानांकडे पाहिलं. नाना गुडघ्यावर बोट वाजवत होते आणि पहिल्यांदाच मला वाटलं, हा माणूस हरणार.

मग शेवटचं कडवं आलं.

कसं सांगू? काठ्या पळत सुटल्या. रफीकभाईंनी मान हलवून त्यांना नको नको म्हटलं असावं, पण काठ्यांनी ऐकलं नाही. गिटार मागून धावली. सुधाभाऊंनी श्वास घेतला आणि तेही त्या उतारावर लागले. गोदाम हललं. गोटूभाऊ आपोआप उभे राहिले. मी रजईवरून खाली आलो तो कधी आलो माहीत नाही. शेवटच्या ठोक्याला वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि पारोळ्याच्या किल्ल्याला तीन प्रदक्षिणा घालून परतली, यातलं पहिलं अर्धं वाक्य अगदी खरं आहे.

सुधाभाऊ गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत ओरडले, “अरे रफीक! लाइट तर आधीच गेली आहे! आता कसली घाई रे!”

रफीकभाई सोडून तिघेही बॅण्डवाले पोट धरून हसायला लागले.

नाना हसले नाहीत. “लाइटचा काय संबंध?”

“घ्या! नाना, तुम्हाला माहीत नाही?” सुधाभाऊ डोळे पुसत म्हणाले. “तेव्हा लोडशेडिंग नव्हतं का? रोज ठरलेल्या वेळेला लाइट जायची. जनरेटर आणायची कोणाची ऐपत? आम्ही घड्याळ बघून शेवटचं कडवं उरकायचो. एकदा यावलला गाण्याच्या मध्ये लाइट गेली, तर लोकांनी अंधारात अंडी मारली. त्या दिवसापासून रफीकचा हात जो पळायला लागला, तो लाइट सुधारली तरी थांबला नाही.”

एक आख्खा लेख, ज्यावर प्राध्यापकांची पिढी पोसली गेली होती, माझ्या डोळ्यांसमोर त्या कापसात पडला. नानांचे कान लाल झाले. पण नाना ते नानाच. त्यांनी लेख तिथेच सोडला आणि प्रकरण दुसऱ्या टोकाने पकडलं.

“ते राहू द्या. हात थांबला नाही म्हणता ना? आज तर आम्ही सगळ्यांनी बघितलं, थांबत नाही. मग अल्बममध्ये कसा थांबला?”

रफीकभाई म्हणाले, “तिथे मी सरळ वाजवलं.” पण हे म्हणताना त्यांनी सुधाभाऊंकडे पाहिलं.

“रेकॉर्डिंग कोणी केलं?”

“आमच्या जावयाने,” सुधाभाऊ म्हणाले. “पुण्याला असतात. स्टुडिओ आहे त्यांचा.”

“त्यांनी नंतर काय केलं त्या रेकॉर्डिंगचं?”

“नाना, जावयाला कोणी विचारतं का असं?”

खरं होतं. आमच्याकडे जावई जेवला का एवढंच विचारतात. बॅण्डमधल्या एकानेही त्या माणसाला त्याच्या कामाबद्दल शब्द विचारला नव्हता. नानांनी रजई सोडायला लावली, फोन लावायला लावला, आणि स्पीकरवर घ्यायला लावला.

जावई भला माणूस. “ड्रम ना? हो काका, थोडे सरळ केले. शेवटी फार पळत होते. कॉम्प्युटरवर एकेक ठोका ओढून जागेवर बसवला, सगळेच करतात हल्ली. छान झालं ना पण?”

सुधाभाऊंचा चेहरा शिवी गिळलेल्या माणसासारखा झाला. शेवटी ते म्हणाले, “छान झालं, छान झालं. तुम्ही जेवलात का?”

रफीकभाईंनी काठ्या बाजूच्या ढिगावर ठेवल्या. कापूस असल्यामुळे आवाज झाला नाही.

गोटूभाऊ पुढे आले. “हे बघा, तुमचं सरळ-वाकडं मले काही समजत नाही. पण आखाजीला ड्रमवर हेच बसतील. शेवटी जे पळाले ना, तसंच पळायचं. पब्लिक खुर्च्या फोडेल.” आणि त्यांनी रफीकभाईंच्या पाठीवर अशी थाप मारली, की मला ती दुसरा बास ड्रम वाटली.

परतीच्या जीपमध्ये नाना एरंडोलपर्यंत गुडघ्यावर बोट वाजवत होते. मग म्हणाले, “मी मशीन म्हणालो, मशीन निघालं. रफीक कुठे आहे विचारलं, रफीक सापडला. माफी कशाची मागू?” मी म्हटलं, “बरोबर आहे, नाना.” गिरणेच्या पुलावर म्हणाले, “पण त्याचा चेहरा बघितलास?” मी म्हटलं, “अंधार होता, नाना.” अंधार एवढा नव्हता.

त्या आठवड्यात नानांनी जे लिहिलं ते त्यांच्या हातून परत कधी लिहून झालं नाही. त्यात एकही ‘पण’ नव्हता. त्यांनी लिहिलं, की रफीकभाईंनी हा अल्बम स्वतःच्या हाताने वाजवला आणि मशीनने त्यांचे ठोके चोरले. त्यांनी लिहिलं, की घाईचं कारण काहीही असो, ती घाई आता त्या हाताची आहे आणि तसा हात खान्देशात दुसरा नाही. मूळ ठोके जसे पळाले तसे परत द्या, अशी मागणी केली, आणि सुधाभाऊंनी जावयाला, फार गोड भाषेत, तसं कळवलंही. ‘खान्देशची घाई’ हा लेख चुकीच्या कारणावर उभा होता, हेही दोन ओळींत मान्य केलं. प्राध्यापकांनी त्या दोन ओळी वाचल्या नाहीत. ते अजून जुनंच वाक्य शिकवतात.

पेपर निघाला त्या सकाळी नाना पहिली प्रत घेऊन स्वतः पारोळ्याला गेले. लेखनाचं कौतुक मिळवायला नाना कोणाच्या दारात गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं, म्हणून बघायला मीही गेलो. रफीकभाई दुकानात मांडी घालून गादीला टाके घालत होते. हातभर लांब सुई, जाड दोरा. नाना फळीवर बसले आणि त्यांनी आख्खा लेख मोठ्याने वाचून दाखवला. ‘तसा हात खान्देशात दुसरा नाही’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. गिऱ्हाईक म्हणून आलेली एक बाई पदराने डोळे पुसू लागली.

वाचून झालं. नानांनी पेपराची घडी घातली, रफीकभाईंच्या गुडघ्यावर ठेवली आणि वाट बघत राहिले.

रफीकभाईंनी टाका ओढला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, “माले ते सरळवालंच आवडनं व्हतं.”